सांडपाण्यातील द्रव्य

लाकूड म्हणजे केवळ तंतू नव्हे. त्या तंतूंना परस्परांशी घट्ट सांधणारे लिग्निन व काही शर्कराही त्यात असतात, आणि सल्फाइट पद्धतीने लगदा शिजविताना लाकडाचा जवळजवळ निम्मा अंश विरघळून ज्या तपकिरी द्रावात उतरतो, तो द्राव एके काळी अनेक कारखाने बिनदिक्कत नदीत सोडून देत असत. नॉर्वेत ग्लोमा नदीकाठी सार्प्सबोर्ग येथे असलेल्या बोरेगार्ड कारखान्याने मात्र त्याच द्रावाला कच्च्या मालाची प्रतिष्ठा दिली.

त्यातील लिग्नोसल्फोनेटाचे, म्हणजे या पद्धतीत विरघळलेल्या लिग्निनाचे, रेणू मोठे, तर शर्करा व क्षार यांचे लहान. म्हणून मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांएवढी छिद्रे असलेल्या पटलावरून हा द्राव दाबाखाली वाहविला, की लहान रेणू पाण्यासह पार जातात आणि मोठे अलीकडे राहतात. नुसते आटविल्याने पाणी तेवढे उडून जाते, द्रव्ये विलग होत नाहीत. पटलाची खरी थोरवी या निवडीत आहे, असे मला वाटते. अर्थात पटलावर साका चढतो, प्रवाह मंदावतो व ते वारंवार धुवावे लागते. या खर्चाची आगाऊ तजवीज न करता यंत्रणा उभारणे व्यर्थ होय.

शर्करा आंबवून अल्कोहोल मिळते. लिग्नोसल्फोनेट काँक्रीट प्रवाही करण्यास उपयोगी पडते. आणि त्याच्याच ऑक्सिडीकरणातून सार्प्सबोर्ग येथे १९६२ पासून व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीमला येणाऱ्या त्या परिचित सुगंधाचे द्रव्य, स्प्रूसच्या लाकडापासून तयार होत आले आहे.