सीताफळाची भाजी

दिल्लीच्या भाजीबाजारात 'सीताफल' मागणाऱ्या मराठी माणसाच्या पिशवीत लाल भोपळ्याची फोड पडते. यात भाजीवाल्याचा दोष नाही. तिकडे सीताफल म्हणजे भोपळा. आपल्या सीताफळाला 'शरीफा' म्हणतात. लिपी एकच आणि भाषा सख्ख्या बहिणी, तेव्हा हिंदी आपल्याला आपसूकच येते अशी आपणा सर्वांची समजूत असते. पण चित्रपट पाहून येणारी हिंदी प्रेमाला नि मारामारीला पुरते, किराणा आणायला पुरत नाही.

'जिरे' आणि 'जीरा', 'भेंडी' आणि 'भिंडी' येथवर निभावून जाते. पुढे मात्र ओव्याचा 'अजवाइन' होतो, बडीशेपेची 'सौंफ', दुधीची 'लौकी', पोळपाट-लाटण्याचे 'चकला-बेलन' आणि पाटा-वरवंट्याचे 'सिल-बट्टा'. ही यादी कोणत्याही कोशात सापडेल. तिच्यापेक्षा शब्दांमागच्या हकिकती अधिक रुचकर आहेत.

पेरूचेच पाहा. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेले. नव्या पाहुण्याला नाव काय द्यायचे? पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. आपला 'पेरू' बहुधा त्यावरूनच आला. उत्तरेत वजन फारसीचे. तिकडे या फळाला 'अमरूद' म्हणू लागले, आणि फारसीत अमरूद म्हणजे काय, तर तीही नासपतीच! एकाच अनोळखी फळाला दोन्हीकडच्या लोकांनी, एकमेकांना न विचारता, एकाच जुन्या फळाचे नाव द्यावे ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

बटाट्याच्या बाबतीत आपण पोर्तुगीज शब्दच उचलला. हिंदीने संस्कृतातला 'आलु' हा कंदासाठी असलेला जुना शब्द काढून नव्या कंदाला बसवला. (आलुबुखाऱ्यातला 'आलू' मात्र निराळा, तो फारसी. त्याचा अर्थ एक आंबटगोड फळ. बुखारा शहराचे ते आलुबुखारा. बटाट्याशी त्याचे नाते नाही.) मिरचीही सोळाव्या शतकात समुद्रावरून आली आणि तिने 'मरिच' म्हणजे मिऱ्याचे नाव बळकावले. मराठीने 'मिरी' आणि 'मिरची' अशी वाटणी करून भांडण मिटवले. हिंदीत मूळ मालकालाच 'काली मिर्च' म्हणून ओळख सांगावी लागते.

अशा वाटण्या करण्यात मराठी हुशार आहे, असे वाटते खरे. पानांना कोथिंबीर, बियांना धणे. हिंदीत दोन्ही 'धनिया'. कच्चे ते तांदूळ, शिजला तो भात. हिंदीत बहुतेक ठिकाणी दोन्ही 'चावल'. पण यावरून मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. शेतात उभे असलेले पीकही आपण 'भात'च म्हणतो, तर हिंदीत त्याला 'धान' हा स्वतंत्र शब्द आहे. ज्याने त्याने आपल्या सोयीने रेघ ओढली आहे, इतकेच.

भांड्यांचीही अशीच कथा. संस्कृतात 'स्थाली' म्हणजे अन्न शिजवण्याचे भांडे. 'स्थालीपुलाकन्याय' म्हणजे आपली शितावरून भाताची परीक्षा. हिंदीतली 'थाली' मात्र चुलीवरून उतरून जेवणाऱ्यापुढे आली आणि ताट झाली. खलबत्त्याला हिंदीत 'इमामदस्ता' म्हणतात. त्यात इमामाचा काही संबंध नाही. मूळ फारसी शब्द 'हावनदस्ता', हावन म्हणजे खल आणि दस्ता म्हणजे बत्ता. लोकांना 'हावन' कळेना, तेव्हा त्यांनी ओळखीचा इमाम आत बसवला. आपण तरी काय करतो? स्टीलच्या लोट्यालाही 'तांब्या' म्हणतो.

या सर्वांत दोन शब्द मात्र नुसते गमतीचे नाहीत. ते म्हणजे 'कच्चा' आणि 'पक्का'. हिंदी प्रदेशातल्या 'कच्ची रसोई'चा अर्थ आपण 'अर्धे शिजलेले अन्न' असा केला तर फसलो. कच्ची म्हणजे पाण्यात शिजवलेले किंवा नुसते भाजलेले: डाळ, भात, रोटी. पक्की म्हणजे तुपात तळलेले: पुरी, कचोरी, मिठाई. हा भेद पाककृतीचा दिसतो, पण आहे जातीचा. जुन्या रूढीप्रमाणे कच्चे अन्न फक्त आपल्या किंवा वरच्या मानलेल्या जातीच्या हातचे चाले. पक्के अन्न मात्र पुष्कळ जातींच्या हातचे चाले, कारण तूप हे गाईपासूनचे, म्हणून पवित्र, त्याने विटाळ अडतो, अशी समजूत. हलवायाच्या दुकानातली पुरी प्रवाशाला चाले आणि भात चालत नसे, त्याचे कारण हे. आणि ही तुपाची सवलतही सर्वांना नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या हातची पुरी तुपात कितीही तळली तरी 'पक्की' होत नसे. १९४७ पूर्वी ज्या देशात रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' वेगळे मिळे, त्या देशात पुरीलाही जात असावी याचे नवल नाही.

आपण याबाबत निर्दोष आहोत असे समजू नये. आपल्याकडे 'कच्चे-पक्के' नाही, पण 'खरकटे' आहे. आज आपण उष्ट्या भांड्यांना खरकटी म्हणतो. सोवळ्याच्या घरांत मात्र कुणी तोंड न लावलेला भातही खरकटा ठरे, आणि त्याला लागलेला हात धुतल्यावाचून दुसऱ्या वस्तूला लावता येत नसे. पाण्यात शिजलेल्या अन्नाबद्दलची धास्ती तीच, शब्द तेवढा वेगळा.

तेव्हा उत्तरेतल्या एखाद्या जुन्या घरात 'आज कच्चा खाना है' असे कानी पडले, तर पोटाची काळजी करू नये. पुढे वरण, भात आणि रोटीच येणार आहे. ते तुम्ही आनंदाने जेवलात म्हणजे, तिथल्या जुन्या हिशेबाने, यजमानाला तुम्ही आपल्यापेक्षा कमी मानत नाही असा त्याचा अर्थ होतो.