आजीचा ‘ल’

पेणचे गणपतीचे कारखाने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ठाऊक आहे, की साच्यातून मूर्ती काढणारा हात निराळा आणि डोळ्यांची आखणी करणारा निराळा. आखणीत केसभर चूक झाली, की सारा चेहरा बिघडतो. मी मराठीचा प्राध्यापक. मूर्तिकलेशी माझा संबंध चतुर्थीपुरता. पण गेल्या मे महिन्यात ही आखणी मला भलत्याच ठिकाणी आठवली.

माझी बहीण रोह्याला असते आणि आई तिच्याकडे. एका शनिवारी पेणहून गाडीने रोह्याला गेलो, तर भाचेसाहेब संगणकापुढे ठाण मांडून बसलेले! एका कंपनीने नोकरीसाठी परीक्षा घातली होती. सात दिवसांत ब्लॉगचे संकेतस्थळ करून दाखवायचे. तेही वाचकाला दिसणारी बाजू तेवढी. लेखांची यादी, लेखाचे पान, शोधण्याची सोय, आणि मोबाइलवरही नीट बसेल अशी मांडणी.

“मामा, एचटीएमएलने सांगाडा उभा करायचा, सीएसएसने रंगरूप द्यायचं आणि जावास्क्रिप्टने त्यात हालचाल आणायची.” जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत केला, हेही त्याने मला सांगितले. धीर मला देत होता, पण हवा होता त्याला स्वतःलाच.

पान देखणे होते; मजकूर मात्र निरर्थक लॅटिन! मांडणी पाहण्यापुरता तसाच भरतात म्हणे. मी म्हटले, “त्यापेक्षा आजीची वही घाल की!” आईने वहीत आठवणी लिहून ठेवल्या आहेत. कुंडलिकेचे पूर, धावीर महाराजांची पालखी, असे बरेच काही.

मराठी आत गेली मात्र, पानाचा सारा थाट कोसळला. मथळ्यात अक्षरे विरळ ठेवण्याची इंग्रजी ऐट होती. तिने शिरोरेषेचे तुकडे केले. ओळी इतक्या जवळ, की खालच्या ओळीचे रफार वरच्या ओळीच्या उकारांना भिडले. यादीत प्रत्येक लेखाची सुरुवात अक्षरे मोजून तोडली होती. युनिकोडमध्ये काना-मात्राही वेगळे मोजतात. आपल्या दोन अक्षरी ‘रोहा’चे तिथे चार होतात. कात्री नेमकी शेवटच्या काना­आधी चालली आणि गावाचे ‘रोह’ झाले! भाच्याने ओळींत अंतर वाढवले आणि अक्षरांऐवजी शब्द मोजले.

मग चष्मा लावून आई आली. थोडे वाचून म्हणाली, “सगळं माझंच आहे रे, पण हा ‘ल’ माझा नाही. मी पाकळीचा काढते.”

वाचकहो, म्हातारीची नजर! युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ‘ल’चा क्रमांक एकच, रूपे मात्र दोन : आपला पाकळीचा, हिंदीचा दंडाचा. राज्य शासनानेही २०२२ साली पाकळीचाच ‘ल’ मराठीसाठी मान्य केला. पानाच्या आरंभी भाषेची खूण करायची असते. ती भाच्याने इंग्रजीचीच राहू दिली होती. तिथे मराठीची ‘एमआर’ ही दोन अक्षरे घातली, मराठी रूपे असलेला टंक निवडला, आणि पानभर ‘ल’ला पाकळ्या फुटल्या!

पण भाचा अजून घुटमळत होता. “परीक्षकाला मराठी येत नसेल तर? लॅटिनच बरं होतं. इतकं कोण बघतं, मामा?”

मला काय बोलावे सुचेना. नोकरी त्याची, सल्ला फुकटचा. आईच म्हणाली, “परीक्षा तुझी आहे, बाळा. माझी वही काढलीस तरी मला राग नाही.”

तो रात्रभर जागला आणि पहाटे पान मराठीतच पाठवून मोकळा झाला. कंपनीचे दुसऱ्या फेरीचे बोलावणे आले. पुढचे अजून ठरायचे आहे.

त्या सकाळी आई मोबाइलवर तेच पान वाचत होती. पोथी वाचताना ठेवावे तसे तिने ओळीवर बोट ठेवले आणि पान सर्रकन वर पळाले. “अगंबाई, गेलं की!” ती म्हणाली. भाच्याने हसत ते पुन्हा जागेवर आणून दिले.