विश्लेषण : जागतिक वारसा ठरलेल्या गावात राहणे अवघड का?

स्लोवाकियातील व्ल्कोलिनेत्स हे ओंडक्यांच्या घरांचे डोंगरी गाव १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पर्यटकांची तेथे रीघ लागते. कायमचे रहिवासी मात्र बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

गावाचे वैशिष्ट्य काय?
रुझोम्बेरोक शहराजवळ, सुमारे ७०० मीटर उंचीवर ४५ पारंपरिक इमारतींची ही वस्ती आहे. दगडी जोत्यावर आडवे ओंडके रचून भिंती उभारतात. त्यावर मातीचा गिलावा आणि पांढरा किंवा फिका निळा रंग देतात. छपरे लाकडी फळ्यांची. मधोमध ओढा वाहतो. लाकडी घंटाघर १७७० चे आहे.

नाव कशावरून?
स्लोवाक भाषेत 'व्ल्क' म्हणजे लांडगा. संस्कृतातील 'वृक' हा त्याच कुळातला शब्द.

गाव कसे टिकले?
दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये येथील काही घरे जळाली. उरलेल्या गावाला १९७७ मध्ये लोकवास्तूंचे राखीव क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले.

मग अडचण कोणती?
हे संग्रहालय नव्हे, घरे राहती आहेत. तरीही पाहुणे अंगणात शिरतात, खिडक्यांतून डोकावतात. दुरुस्तीवरही वारशाचे निर्बंध असतात. त्यामुळे गाव यादीतून वगळावे, असे काही रहिवाशांनीच म्हटले आहे.

पुढे काय?
लाकूड आणि मातीच्या घरांना सतत डागडुजी लागते. ती वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनीच केली. तेच निघून गेले, तर घरे उरतील. गाव उरणार नाही.