फ्रीव्हीलवर उतरणारं हेलिकॉप्टर

गडचिरोलीकडे निघालेलं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, की नागपुरात कुणीतरी हमखास विचारतं, "याचं इंजिन बंद पडलं तर?" दगडासारखं पडेल, असंच बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. उतारावर सायकलचं पायडल थांबतं, चाक मात्र फिरत राहतं. ती करामत फ्रीव्हीलची. तशीच सोय हेलिकॉप्टरच्या पंख्यालाही असते. इंजिन गेलं की पंखा त्यापासून सुटतो आणि खालून येणाऱ्या हवेवर भिरभिऱ्यासारखा फिरत राहतो. हेच ऑटोरोटेशन.

पण अट एक आहे. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. तो वर ओढला की पात्यांचा कोन वाढतो आणि हेलिकॉप्टर चढतं. इंजिन गेल्यावर तो क्षणात खाली दाबायचा. जमीन अंगावर येत असताना! हात तर उलट वर ओढायला धावतो, आणि तसं केलं तर पंख्याची गती मरते. म्हणून हा सराव पुन्हा पुन्हा करवून घेतात. इन्स्ट्रक्टर इंजिनची ताकद काढून घेतो, शिकाऊ पायलट दांडा दाबतो, जमिनीजवळ नाक उचलून वेग मारतो. खरीच वेळ आली तर शेवटच्या काही फुटांवर दांडा ओढायचा; पंख्यात साठलेली गती त्या एका ओढीत संपते.

वर असलेली उंची म्हणजे हाताशी असलेला वेळ. २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये ज्याँ बुले यांनी 'लामा' हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं, तिथे इंजिन विझलं, आणि ते ऑटोरोटेशननेच सुखरूप उतरले. आपल्या लष्कराचं 'चीता' म्हणजे हाच लामा, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेला. नाशिकच्या गांधीनगरला लष्कराचे पायलट घडतात, त्यांना तो चांगलाच ओळखीचा. याउलट शंभरेक फुटांवर एका जागी तरंगताना इंजिन गेलं, तर गती सावरायला वेळच उरत नाही.

नागपूरचा उन्हाळा यात आणखी भर घालतो. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. पण पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की पायलटच्या हिशेबात ती सुमारे १,५०० मीटर उंचीवरची ठरते. महाबळेश्वरही त्याहून खाली! अशा दुपारी हेलिकॉप्टर जास्त वेगाने खाली येतं, आणि त्या शेवटच्या ओढीला पकडायला हवाही कमी मिळते.