दिरहमला २३ नं गुणण्याआधी

बेळगाव : मुलाला दुबईची ऑफर आली की घरात पहिली गोष्ट होते ती म्हणजे मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडतो. पगार अडीच हजार दिरहम, दिरहमचा भाव २३ रुपये धरला, म्हणजे महिन्याला साडेसत्तावन्न हजार. उद्यमबागमध्ये सीएनसी मशीनवर २२ हजार घेणाऱ्या पोराच्या घरी हा आकडा ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सोनं तारणाची चौकशी सुरू होते. खानापूर असो, निपाणी असो की पलीकडं चंदगड आणि पेडणे, चित्र फारसं वेगळं नाही.

गुणाकार बरोबर असतो. फक्त तो चुकीच्या आकड्याचा केलेला असतो.

पगार दिरहममध्ये मिळतो तसा खर्चही दिरहममध्येच होतो. रुपयांत बदलते ती फक्त शिल्लक. म्हणून २३ नं गुणायचा आकडा पगाराचा नाही, महिनाअखेर हातात राहणाऱ्या रकमेचा. गंमत म्हणजे घरची माणसं मिळकतीला गुणतात आणि नवीन गेलेला पोरगा पहिले दोन महिने खर्चाला गुणत बसतो. दीड दिरहमचा कडक चहा घेताना ‘चहाला पस्तीस रुपये!’ म्हणून तो कप खाली ठेवतो. दोन्ही हिशोब सारखेच चुकीचे.

दोन ऑफर, दोन शिल्लका

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, माणसागणिक आणि वस्तीगणिक पुढं-मागं होतील. पहिल्या ऑफरमध्ये पगार २,५०० दिरहम, पण राहणं, जेवण, प्रवास स्वतःचा. देरा किंवा बर दुबईत एका खोलीत सहा-आठ जणांत एक खाट मिळते, तिला तिकडं ‘बेड स्पेस’ म्हणतात. तिचे ८०० दिरहम धरा. मेस किंवा वाटणीच्या स्वयंपाकाचे ५५०. मेट्रो-बसच्या महिन्याच्या पासाचे २३०. मोबाईलचे १००, कारण तिकडं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो पण कॉल लागत नाही. घरी बोलायला परवानगी असलेली वेगळी अ‍ॅप आणि त्यासाठी डेटा लागतो. साबण, कटिंग, औषधगोळ्या, शुक्रवार-रविवारचं बाहेरचं खाणं मिळून १७०. बेरीज १,८५० झाली. शिल्लक ६५० दिरहम, म्हणजे १४,९५० रुपये.

दुसऱ्या ऑफरमध्ये पगार १,८०० दिरहमच आहे, पण कंपनीची खोली आणि कंपनीची बस आहे. जेवण ५००, मोबाईल ८०, वरखर्च १७०. एकूण ७५०. शिल्लक १,०५० दिरहम, म्हणजे २४,१५० रुपये.

पगार ७०० दिरहमनं कमी आणि घरी येणारा पैसा नऊ हजारांनी जास्त. पारावर मात्र ‘अडीच हजारवाला’च मोठा ठरतो, कारण तिथं पगारच विचारतात. पहिल्या ऑफरच्या १४,९५० रुपयांची तुलना करायची ती उद्यमबागच्या २२ हजारांशी नव्हे. इथं घरी राहून, घरचं जेवून, दुचाकीचं पेट्रोल काढून त्या २२ हजारांतले किती मागं पडतात, त्याच्याशी. ते १२-१३ हजार पडत असतील, तर समुद्र ओलांडून मिळवलेला फरक दोन हजारांचा आहे.

आणि जाण्याचा खर्च त्याआधीचा. एजंटाला, वैद्यकीय तपासणीला, तिकिटाला मिळून समजा १ लाख २० हजार दिले आणि ते सोन्यावर काढले. पहिल्या ऑफरमध्ये नुसतं मुद्दल फिटायला आठ महिने जातात, दुसऱ्यात पाच. व्याज त्यावर. म्हणजे दोन वर्षांच्या करारातला तिसरा हिस्सा पोरगा सोनं सोडवण्यासाठीच राबतो.

कायदा काय म्हणतो ते इथं माहीत असलेलं बरं. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच घेता येतात. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणं भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून लाखभर मागणारा माणूस त्यामुळं नेमके कशाचे पैसे मागतो, हे तोंडावर विचारायला हरकत नाही.

बायको-मुलं नेली तर

खाट आणि मेसचं गणित सोपं आहे. गणित खरं फिरतं ते कुटुंब न्यायचं ठरवल्यावर. अमिरातीत बायको-मुलांचा व्हिसा काढायला पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि मालकाकडून घर. पण परवानगी मिळणं वेगळं आणि परवडणं वेगळं.

समजा बी.कॉम. झालेला, टॅलीवर दहा वर्षं हात बसलेला अकाउंटंट ७,००० दिरहमवर आहे. २३ नं गुणलं की १ लाख ६१ हजार. सोबत बायको आणि एक मूल. घर दुबईत नको, स्वस्त म्हणून शारजात घेतलं, वर्षाला ३६ हजार दिरहम, म्हणजे महिन्याला ३,०००. वीज, पाणी, गॅस ४००. किराणा, भाजी, दूध १,२००. भारतीय अभ्यासक्रमाच्या साध्या शाळेची फी आणि बस मिळून ९००. शारजा ते दुबई रोजचा प्रवास ५००. दोन मोबाईल आणि घरचं इंटरनेट ४००. वर्षातून एकदा तिघांचं तिकीट ४,५०० धरलं तर महिन्याला ३७५. बायको-मुलाचा व्हिसा, ओळखपत्र, आरोग्य विमा यांचं नूतनीकरण महिन्यावर वाटलं तर २००. बेरीज ६,९७५.

शिल्लक २५ दिरहम. रुपयांत पावणेसहाशे. यात अजून एकही आजारपण नाही, गावाकडचं एकही लग्न नाही.

तोच माणूस एकटा राहिला तर चांगल्या वस्तीतली खाट, जेवण, प्रवास, फोन, स्वतःचं वर्षाचं तिकीट सगळं धरून २,४०० दिरहमांत भागतं. ४,६०० उरतात, म्हणजे १,०५,८०० रुपये. टिळकवाडीत किंवा शहापुरात घरखर्चाला ३५ हजार गेले तरी महिन्याला सत्तर हजार मागं पडतात. आखातातली बहुतेक बचत ही अशी, कुटुंब मागं ठेवण्यातून झालेली असते. दिरहमच्या भावाचा वाटा त्यात लोक समजतात तेवढा नाही. सात हजारवाल्याचं घर पाच वर्षांत बांधून होतं आणि पोरगं बापाला वर्षातून एक महिना बघतं. दोन्ही एकाच पासबुकातल्या नोंदी आहेत.

घर घेताना आणखी एक धक्का असतो. दुबईत भाडं महिन्याला रोख द्यायची आपली रीत नाही. वर्षाचं भाडं एक, दोन किंवा चार पुढच्या तारखांच्या चेकनं आगाऊ द्यावं लागतं. वर भाड्याच्या ५ टक्के अनामत, साधारण तेवढंच एजंटाचं कमिशन, कराराची नोंदणी, वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला २,००० दिरहम डिपॉझिट. आणि त्या वीजबिलात दरमहा एक ओळ असते पालिकेच्या घरशुल्काची, वर्षभरात भाड्याच्या ५ टक्के. ‘तिकडं टॅक्स नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं असतं, त्यांना ही ओळ पहिल्या बिलात दिसते.

टॅक्स नाही, म्हणजे काय नाही?

पगारावर आयकर नाही, हे खरं. पण २०१८ पासून अमिरातीत आणि सौदीत ५ टक्के व्हॅट आला. सौदीनं तो जुलै २०२० मध्ये थेट १५ टक्के केला. ओमाननं २०२१ मध्ये ५ टक्के लावला. बहारीननं २०२२ मध्ये १० टक्क्यांवर नेला. पगारातून नाही तर किराण्याच्या बिलातून.

सौदीला कुटुंब नेणाऱ्यांनी तर एक गोष्ट आधीच कागदावर मांडावी. तिथं सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागं सरकारला शुल्क द्यावं लागतं. २०१७ मध्ये ते महिन्याला १०० रियाल होतं, दरवर्षी शंभरानं वाढत २०२० मध्ये ४०० झालं. बायको आणि एक मूल धरलं तर वर्षाला ९,६०० रियाल, रुपयांत दोन लाखांच्या वर.

नोटेच्या आकाराला भुलणारेही कमी नाहीत. ‘कुवेतचा दिनार एवढा, ओमानचा रियाल एवढा’ अशी तुलना चालते. ओमानचा रियाल साधारण २२० रुपये धरला, तर २०० रियालचा पगार ४४ हजार रुपये होतो. २,००० दिरहमचा ४६ हजार. रियाल मोठा, पगार लहान.

गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, विशेषतः स्विंडनला गेलेल्यांचा हिशोब याच्या नेमका उलट आहे. तिथं २०२५-२६ च्या किमान वेतनानं, तासाला १२.२१ पौंडांप्रमाणं, आठवड्याला ४० तास केले तर वर्षाला सुमारे २५,४०० पौंड होतात. पहिले १२,५७० पौंड करमुक्त, पुढच्या रकमेवर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. हातात महिन्याला १,८०० पौंडांच्या आसपास. त्यातून भाडं, हीटिंगचं बिल, कौन्सिल टॅक्स. पण मुलांची सरकारी शाळा फुकट, आणि कायम राहण्याचा हक्क मिळालेल्यांना दवाखानाही. आखातात कर वाचतो आणि शाळेची फी भरावी लागते, तिथं कर भरावा लागतो आणि फी वाचते. एकट्या माणसाला आखात सोयीचं, दोन मुलांच्या घराला इंग्लंड, असं त्यामुळं होऊ शकतं. मात्र आता २०२१ नंतर नव्यानं जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही व्हिसा लागतो, आणि बहुतेक लांब मुदतीच्या व्हिसांवर मोठ्या माणसामागं वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो. चुलत भावानं दहा वर्षांपूर्वी केलं ते गणित आज लागू पडत नाही.

महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी बातम्यांत येतात. मर्सर या सल्लागार संस्थेची यादी त्यात प्रसिद्ध. ती न्यूयॉर्कला पाया धरून दोनशेपेक्षा जास्त शहरं तोलते. पण ती बनते कंपन्यांसाठी, परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला भत्ता किती द्यावा हे ठरवायला. त्या अधिकाऱ्याच्या पिशवीतल्या वस्तू आणि सहा जणांच्या खोलीत डाळ-भात लावणाऱ्याच्या पिशवीतल्या वस्तू वेगळ्या. यादीत दुबई कितवी आहे यावरून खाटेचं भाडं कळत नाही. ते तिथं राहणाऱ्या गाववाल्याला फोन करूनच कळतं, आणि फोन केला तर ‘पगार किती’ न विचारता ‘महिन्याला घरी किती पाठवतोस’ असं विचारावं.

बेसिक किती लिहिलंय?

ऑफर लेटरमध्ये पगाराचे दोन भाग असतात, बेसिक आणि भत्ते. एकूण आकडा सारखा असला तरी बेसिककडं बोट ठेवून बघावं. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर काढतात: पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, पुढं ३० दिवसांचा. वर्ष पूर्ण झालं नाही तर काहीच नाही. २,५०० पगारात बेसिक १,५०० असेल तर तीन वर्षांनी ३,१५० दिरहम मिळतात. १,००० असेल तर २,१००. ओव्हरटाइमही बेसिकवरच मोजला जातो, त्यामुळं कमी बेसिकचा फटका दोनदा बसतो. दरवर्षीचं येण्या-जाण्याचं तिकीट करारात लिहिलं असेल तरच हक्काचं धरावं. अमिरातीच्या कामगार खात्याचं ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतं. तेच मागून घ्यावं, एजंटानं लेटरहेडवर टाइप करून दिलेलं नव्हे.

इकडच्या बाजूलाही दोन कामं राहतात. परदेशी नोकरीला गेल्यावर गावातलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. तिकडून पाठवलेल्या पैशासाठी एनआरई खातं उघडलं तर त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. आणि पैसे पाठवताना दर वेळी शुल्क पडतं, भावातही थोडं कापलं जातं. दर आठवड्याला थोडे-थोडे पाठवणाऱ्याचे वर्षाला काही शे दिरहम यातच जातात.

दहावी पास मुलांच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक’चा शिक्का नसतो. त्याचा अभिमान वाटतो, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की अशा मुलाचा करार जाण्याआधी सरकारी कार्यालयात कुणी तपासत नाही. तो घरच्यांनाच तपासावा लागतो. एजंट नोंदणीकृत आहे का हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावानिशी पाहता येतं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलू’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडं गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो एजंट नसतो. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी. ती द्यायला टाळाटाळ झाली, तर सोनं तिजोरीत परत ठेवायला अजून वेळ गेलेली नसते.