रक्ताचा थेंब आणि पेटंटचे राजकारण

रक्ततपासणीचे बिल पाहून रुग्णाचे नातेवाईक कुरकुरतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. त्या बिलात रसायने, यंत्र, तंत्रज्ञाचा पगार असतो. यंत्राच्या किमतीत पेटंटचा वाटाही दडलेला असतो.

पेटंट म्हणजे नव्या शोधाला साधारण २० वर्षांसाठी मिळणारा मक्तेदारीचा हक्क. यात गैर काही नाही. संशोधनाला पैसा लागतोच. मात्र हा हक्क जमिनीसारखा विकता येतो. काही मंडळी तो विकत घेतात, स्वतः काहीच बनवीत नाहीत, पण बनविणाऱ्यांवर दावे लावतात. अमेरिकेत अशांना 'पेटंट ट्रोल' म्हणतात. ट्रोल म्हणजे तिकडच्या लोककथांतला पुलाखाली दबा धरून बसणारा राक्षस! तेथे खटला लढविणे इतके महाग आहे, की निर्दोष असूनही अनेकजण पैसे देऊन मोकळे होतात.

थेरानोस या अमेरिकन कंपनीचेच पाहा. बोटातून काढलेल्या काही थेंबांवर शेकडो तपासण्या करू, असे ती सांगे. दावा पोकळ निघाला, २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि संस्थापिका एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. पेटंट मात्र शाबूत राहिली! ती फोर्ट्रेस या गुंतवणूक कंपनीकडे गेली. तिच्या अखत्यारीतील लॅब्रडॉर डायग्नॉस्टिक्सने ९ मार्च २०२० रोजी बायोफायर या तपासणी यंत्रे बनविणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला. बायोफायर तेव्हा त्याच यंत्रावर चालणारी कोरोनाची तपासणी तयार करीत होती. दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. चहूकडून टीका होताच कोरोनाच्या तपासण्यांना फुकट परवाना देण्याचे लॅब्रडॉरने जाहीर केले. दावा मात्र चालूच ठेवला.

आपल्या कायद्यात रुग्णाच्या बाजूचे एक कलम आहे. पेटंट मिळून तीन वर्षे झाली आणि औषध लोकांना परवडत नसेल, तर सरकार दुसऱ्या कंपनीला सक्तीचा परवाना देऊ शकते. मुंबईच्या पेटंट कार्यालयातून ९ मार्च २०१२ रोजी असा आदेश निघाला. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील बायरच्या नेक्साव्हर या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. नॅटकोने तेच ८,८८० रुपयांत द्यायचे ठरले. रक्ताच्या कर्करोगावरील डासाटिनिबसाठीचा असाच अर्ज मात्र २०१३ मध्ये फेटाळला गेला.