सांडपाण्याचा निधी: वर्धा जिल्ह्यात पात्र कोण?

‘सगळा पैसा गंगेला, आमच्या नदीला काय?’ नदीच्या घाणीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. नमामि गंगे ही गंगेच्या खोऱ्यापुरतीच योजना आहे. वर्धा नदी वैनगंगेला मिळते, तिथून त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात आणि प्राणहिता गोदावरीला जाते. म्हणून आपण त्यात बसत नाही. बाकीच्या नद्यांसाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आहे. पण नदीच्या नावाचीच योजना हवी, हा आग्रहच चुकीचा. धाम, वणा, यशोदा बिघडतात त्या गावातून येणाऱ्या नाल्यांमुळे, आणि नाल्यांसाठीचा पैसा नगरपालिका व ग्रामपंचायतीच्या दारातून येतो.

‘सांडपाण्याचं अनुदान लाखावरच्या शहरांनाच मिळतं.’ हे एके काळी बरंचसं खरं होतं. 2015च्या अमृत योजनेत जिल्ह्यातली दोनच शहरं बसली, वर्धा आणि हिंगणघाट. 2011च्या जनगणनेत दोन्हींनी लाखाचा आकडा जेमतेम ओलांडला होता. आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी (रेल्वे) बाहेर राहिली. पुलगाव तर थेट वर्धा नदीच्या काठावर! काठावरच्या गावाला वगळून नदी साफ करायची, हा हिशोब मला कधी पटला नाही. 1 ऑक्टोबर 2021 रोजी स्वच्छ भारत अभियान (नागरी) 2.0 सुरू झालं आणि लाखाच्या आतल्या शहरांचं सांडपाणी पहिल्यांदाच त्यात आलं. अशा शहरांच्या प्रकल्पात केंद्राचा वाटा निम्मा.

मात्र ‘निधी आला, आता घरोघरी भूमिगत गटार’ असं समजू नका. हा पैसा वाहता नाला अडवून वळवायला, शुद्धीकरण केंद्र उभारायला आणि मैला उपसणाऱ्या गाड्यांसाठी आहे. गल्लीबोळातल्या गटारवाहिन्या त्यात येत नाहीत.

खेड्यांत वेगळाच समज: ‘वित्त आयोगाचा पैसा म्हणजे सरपंचाच्या मर्जीचा.’ पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 60 टक्के रक्कम बंधित ठेवली: निम्मी स्वच्छतेला, निम्मी पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापराला. सिमेंट रस्ता हवा असेल तर तो उरलेल्या 40 टक्क्यांतून. याशिवाय स्वच्छ भारत (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद आहे. दीड हजार वस्तीचं गाव धरा. कमाल 4 लाख 20 हजार होतात. त्यातले 70 टक्के, म्हणजे 2 लाख 94 हजार अभियानाचे, आणि 1 लाख 26 हजार ग्रामपंचायतीने त्याच बंधित निधीतून घालायचे. तेवढ्यात मोठं यंत्र येत नाही, शोषखड्डे मात्र होतात. मोरीचं पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यात जिरवलं की रस्त्यावरची नाली कोरडी पडते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने हेच करून दाखवलं.

‘पात्र झालो म्हणजे पैसा मिळणारच’ हा समज सगळ्यांत महागात पडला. चौदाव्या आयोगाने पैसा फक्त ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्याने पंचायत समिती आणि जिल्हा परिषदही पात्र केल्या, महाराष्ट्रात दहा-दहा टक्के वाट्याने. पण अट एक: लोकनियुक्त मंडळ हवं. वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक आला. निवडणुका लांबल्या, त्यामुळे पात्रता कागदावर राहिली. एकापेक्षा जास्त गावांतून वाहणाऱ्या नाल्याचं काम एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचं असतं; नेमका त्यासाठीचाच वाटा अडला.

कारखान्यांचं विचारलं तर उत्तर छोटं आहे. 1974च्या जल कायद्याने स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं ही कारखान्याचीच जबाबदारी. ग्रामपंचायतीचा निधी त्यासाठी नाही.

आणि शुद्धीकरण केंद्र उभं राहिल्यावरचं वीजबिल, पंपाची दुरुस्ती, ऑपरेटरचा पगार? अभियान त्यासाठी पैसे देत नाही. तो खर्च नगरपालिकेने आपल्या करातून काढायचा आहे, म्हणून प्रकल्पाला मंजुरी देताना सभागृहात पहिला प्रश्न महिन्याच्या बिलाचा विचारावा.